आशाताईच्या शब्दावर पडलेली सही

पत्र:

बाई, नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. आमच्या भागात गरोदर बायकांवर एका औषधाचा अभ्यास चाललाय. कॉलेजचे डॉक्टर येतात, पैसा बाहेरच्या देशातून येतो म्हणतात. निम्म्या बायकांना औषधाची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण बिनऔषधाची. कुणाला कुठली, ते आम्हालाही ठाऊक नसतं. घरं दाखवायची आणि बायकांना समजवायचं काम माझं. त्याचे माणशी पैसे मिळतात. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत आहे, आमच्या बायका मराठी. परवा एकीनं विचारलं, "ताई, तुम्ही सांगताय ना? मग सही कुठं करू तेवढं दाखवा." सासू म्हणाली, "फुकट तपासतात, कर की." तिनं केली. साक्षीदार म्हणून मी सही केली. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. शेजारचा मुलगा पुण्यात शिकतो. तो म्हणतो, परदेशातले लोक गरिबांवर औषधं तपासून बघतात आणि तू त्यांची दलाल झालीस. हे काम सोडू का?

— एक आशा कार्यकर्ती

उत्तर:

प्रिय ताई,

काम सोडू नका. पण आज ज्या पद्धतीनं सह्या घेतल्या जातायत, त्या पद्धतीनं इथून पुढं एकही घेऊ नका. अभ्यास कुठल्या संस्थेचा, हे तुम्ही लिहिलं नाही आणि मलाही ते जाणून घ्यायचं नाही. तुम्हाला जे खटकलंय ते अगदी बरोबर खटकलंय, एवढं आधी सांगते.

त्या मुलाच्या बोलण्याकडं मी नंतर येते. आधी तुमचंच रोजचं काम बघा. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी तुम्ही घरी जाता, बाळ काट्यावर घालता, ताप आहे का, अंग गार पडलंय का, अंगावर नीट ओढतंय का ते बघता. हे काम आलं कुठून? गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९३ पासून एक अभ्यास केला. ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि ४७ गावांशी ताडून पाहिलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले: नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून ती पद्धत देशभरातल्या आशांच्या कामात आली. म्हणजे तुमच्या पिशवीतला तो काटा एका अभ्यासातून तुमच्यापर्यंत आलाय. आपल्या गावांवर कुणी संशोधनच करू नये, असं म्हणून चालणार नाही. तसं झालं तर अमेरिकेतल्या धडधाकट बायकांवर तपासलेली औषधं सहा-सात हिमोग्लोबिन असलेल्या आपल्या लेकीसुनांना आपण अंदाजानंच देत राहू.

आता त्या मुलाचं. तो जे सांगतोय ते घडलेलं आहे, आणि ते तुम्हाला तपशिलानं माहीत असायला हवं.

आईकडून बाळाला एचआयव्हीची लागण होणं एझेडटी या औषधानं जवळजवळ दोन तृतीयांशानं कमी होतं, हे १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या अभ्यासातून सिद्ध झालं. ते औषध महाग, द्यायची पद्धत किचकट. म्हणून आफ्रिकेत आणि थायलंडमध्ये थोड्या दिवसांचा, स्वस्तातला डोस चालतो का हे तपासायला घेतलं. इथवर ठीक. पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत तुलनेसाठी दुसऱ्या गटातल्या गरोदर बायकांना बिनऔषधाची गोळी दिली. औषध आहे, ते चालतं, हे ठाऊक असताना. समर्थन असं होतं की त्या देशांत या बायकांना एरवीही काही मिळत नाही. १९९७ मध्ये त्यावरून जगभर गदारोळ झाला.

आपल्या जवळचं बघा. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ मध्ये गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू झाला. ५२ गावसमूह, १,३१,७४६ बायका. तीन गटांची तीन पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या गटाची तपासणी झाली नाही, कारण देशात तेव्हा तशी सरकारी तपासणी नव्हतीच. २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग करणाऱ्या विषाणूची, चाचणी झालेल्या गटात या कर्करोगानं ३४ बायका गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. एकाच चाचणीनं किती जीव वाचतात हे त्यातून जगाला कळलं, ते मी नाकारत नाही. पण तपासणीनं हा रोग लवकर सापडतो हे श्रीमंत देशांना त्याआधी कित्येक वर्षं माहीत होतं. त्या ६४ जणी आपल्याच मराठी मुलखातल्या शेतकरी, मजूर बायका होत्या. "एरवीही त्यांना काही मिळत नव्हतं" हे कारण मला अजूनही पटत नाही. का मिळत नव्हतं, हा प्रश्न त्या कारणाखाली दडपला जातो.

आणि आपला बेळगाव जिल्हा. २००२ ते २००५ या काळात इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत एक अभ्यास झाला, पैसा अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेकडून. घरी किंवा उपकेंद्रात सिस्टरच्या हातून बाळंत होणाऱ्या १,६२० बायका त्यात होत्या. बाळ झाल्यावर होणारा अतिरक्तस्राव मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी टळतो का, हा प्रश्न होता. निम्म्यांना गोळ्या, निम्म्यांना बिनऔषधाच्या. औषध न मिळालेल्यांत १२ टक्के बायकांना जास्त रक्तस्राव झाला, मिळालेल्यांत ६.४ टक्के. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. जिथं रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देता येत नाही, तिथं आज या गोळ्या बायकांचे जीव वाचवतात, आणि त्यात आपल्या जिल्ह्यातल्या बायकांचा वाटा आहे. त्यांची नावं कुठं येत नाहीत. यावी असं मला वाटतं, निदान त्यांच्या गावांत तरी.

मग हा अभ्यास योग्य की अयोग्य? मी त्यावर बराच विचार केलाय. ऑक्सिटोसिन तेव्हा शहरातल्या दवाखान्यात मिळायचं. खेड्यात ते ठेवायला फ्रीज नाही, घरच्या बाळंतपणात टोचायची सोय नाही. गोळी तिथं चालेल का, हे खरोखरच कुणाला ठाऊक नव्हतं आणि प्रश्न त्याच बायकांच्या जिवाचा होता. उत्तर मिळालं तर ते त्यांच्याच गावात उपयोगी पडणार होतं. म्हणून मी उस्मानाबादपेक्षा याला वेगळं मानते. तरी शहरातल्या बाईला जे मिळतं ते खेड्यातल्या बाईला का मिळू नये, ही टोचणी इथंही राहतेच. तुमच्या अभ्यासाकडं बघताना हाच सवाल डॉक्टरांना विचारा: या त्रासावर आधीच चालणारं औषध आहे का? असेल तर बिनऔषधाच्या गटाला ते का देत नाही? "या त्रासावर आज कुणाकडंच खात्रीचा उपाय नाही" असं उत्तर आलं तर बिनऔषधाच्या गोळीत अन्याय नाही. "आहे, पण इथं पोचत नाही" असं आलं तर पुढं आणखी विचारा. नेहमीच्या लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, स्कॅनिंग हे दोन्ही गटांना मिळतंय ना, हेही.

आता सहीबद्दल. पत्रातलं सगळ्यात गंभीर मला हेच वाटतं.

मी बरीच वर्षं एका संस्थेच्या, अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या नीतिमत्ता समितीवर बाहेरची सामान्य नागरिक म्हणून बसले. अशा समितीवर डॉक्टरांखेरीज एक कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य माणूस लागतोच, निम्मे लोक संस्थेबाहेरचे लागतात, अध्यक्षही बाहेरचा. तिथं कागद अतिशय नीटनेटके येतात. पण सोप्यावर मांडी घालून बसलेल्या बाईसमोर तो कागद आला की काय होतं, ते समितीला दिसत नाही. ते तुम्हाला दिसतं.

२००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोद्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. अमेरिकेची 'पाथ' संस्था आणि आपली आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, त्यात होती. खम्ममच्या वसतिगृहांतल्या कित्येक आदिवासी मुलींच्या फॉर्मवर आईबापांच्या जागी वॉर्डननी सह्या केल्या. पुढं दोन्ही ठिकाणच्या मिळून सात मुली दगावल्या. चौकशीत त्यांच्या मृत्यूशी लसीचा संबंध आढळला नाही. पण आईबापांना कुणी विचारलंच नव्हतं म्हटल्यावर त्या चौकशीवर विश्वास कोण ठेवणार? २०१० मध्ये काम थांबलं, २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं कडक शब्दांत ठपका ठेवला. लस चांगली होती, आज ती अनेक देशांत मुलींना दिली जाते. नुकसान सह्यांनी केलं. त्या वॉर्डननी काही वाईट मनानं सह्या केल्या नसतील. आपल्या मुली आहेत, भल्याचं आहे, असंच त्यांनाही वाटलं असेल.

म्हणून ताई, साक्षीदाराच्या रकान्यात तुम्ही सही करायची नाही. आजपासूनच. ज्या बाईला वाचता येत नाही तिच्यासाठी निष्पक्ष साक्षीदार लागतो. अभ्यासाशी ज्याचा संबंध नाही, ज्याला वाचता येतं आणि जो सगळी माहिती सांगेपर्यंत तिथं हजर आहे, असा. तुम्हाला माणशी पैसे मिळतात, म्हणजे तुम्ही निष्पक्ष नाही. शाळेतल्या बाई, बचत गटातली शिकलेली कुणी, माहेरहून आलेली बहीण, यांतलं कुणीही चालेल. त्या सुनेच्या फॉर्मवर तुमची सही पडली आहे, ते डॉक्टरांना सांगून टाका आणि तिची संमती नव्यानं घ्यायला लावा.

फॉर्म मराठीत मागा. बेळगाव, खानापूर, निपाणी म्हटलं की भाषेचा विषय लगेच दुसरीकडं जातो, तसा तो इथं जाऊ देऊ नका. कन्नडला विरोध म्हणून नको, पक्षाच्या माणसाला मध्ये घालून नको. हलशी-नंदगडच्या बाईला मराठी आणि बैलहोंगलच्या बाईला कन्नड, एवढं साधं आहे ते. जिला विचारायचं तिला समजणाऱ्या भाषेत माहिती द्यायची, हे औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांतही आहे आणि आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही. मराठी प्रत समितीकडून मंजूर करून आणणं संशोधकांचं काम आहे. तुम्ही जागच्या जागी तोंडी मराठी करून सांगता ते पुरेसं नाही, कारण तुमच्या तोंडून काय सांगायचं राहिलं ते कुणालाच कळत नाही. सही झालेल्या फॉर्मची एक प्रत बाईच्या हातात पडायला हवी. ती गरोदरपणाच्या नोंदींच्या तायी कार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगा.

समजवायचं कसं, हेही लिहिते. डॉक्टर बोलून झाले की बाईला म्हणा, "आता तुम्ही मला सांगा, काय समजलं?" ती म्हणाली, "रक्त वाढायची गोळी देणारेत," तर तिला काही समजलेलं नाही. "गोळी खरी असेल किंवा खोटी असेल, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार, डॉक्टरांनाही ठाऊक नसणार, आणि मला नको वाटलं तर मी सोडू शकते," असं तिच्या शब्दांत आलं की मग कागद पुढं करा. तोही त्याच दिवशी नको. रात्रभर घरात राहू दे, नवरा, दीर, कॉलेजला जाणारी नणंद, कुणी वाचून दाखवू दे. सासूला बाहेर काढा असं मी म्हणत नाही, आपल्या घरांत ते जमायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर, दळपाच्या गिरणीवर, जिथं ती एकटी भेटेल तिथं विचारा, "तुमच्या मनातून आहे ना?" आणि "नाही" म्हणाली तर कुणाला न दुखावता तिचं नाव गाळायची जबाबदारी तुमची. सासूला "तपासणीत बसत नाही" असं खोटंही सांगू नका. "तिनं नको म्हटलंय, त्यानं तिच्या उपचारात काही कमी होणार नाही," एवढं सरळ सांगा.

हे शेवटचं वाक्य प्रत्येक घरात, प्रत्येकीला, सगळ्यांत आधी ऐकू जायला हवं. कारण बायकांच्या मनात खरी भीती काय असते ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे: नको म्हटलं तर उद्या आशाताई येणार नाही, सिस्टर तोंड फिरवेल, रात्री कळा आल्या तर ॲम्ब्युलन्स बोलवायला कुणाकडं जायचं? ही भीती असताना मिळालेल्या होकाराला मी होकार मानत नाही.

पैशाचंही त्यातच आलं. तुमचे कष्ट फुकट घ्यावेत असं मुळीच नाही. आशांना आधीच काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण पैसे सही मिळाली तरच, असं असेल तर ते बदलून मागा. माहिती सांगितली, घर दाखवलं, वेळ दिला, याचे पैसे घ्या, बाईनं हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय. गावातल्या चार-पाच आशांनी मिळून मागितलं तर ऐकतात.

एक गोष्ट तुमच्या भागाची म्हणून मुद्दाम लिहिते, कारण बेंगळूरला बसून फॉर्म तयार करणाऱ्याच्या ती डोक्यात येत नाही. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते. माहेर चंदगडला, गडहिंग्लजला, नाहीतर थेट गोव्यात. राज्य बदललं, दवाखाना बदलला. तिथं रात्री रक्तदाब वाढला तर तिथल्या डॉक्टरला ती कुठल्या अभ्यासात आहे, कुठली गोळी घेतेय, याचा पत्ता नसतो. म्हणून अभ्यासाचं नाव आणि रात्री-अपरात्री उचलला जाणारा फोन नंबर असलेलं कार्ड तिच्याजवळ हवं. अडीअडचणीला तिची गोळी खरी की खोटी हे तातडीनं उघड करून सांगायची सोय असते, ती फोनवरून होते का ते विचारा. तो नंबर तुमच्यासमोर लावून बघा. त्रास झाला तर उपचार मोफत मिळाले पाहिजेत, आणि त्रास औषधामुळं झाला असेल तर नुकसानभरपाईही, हे नियमात आहे. गंभीर काही घडलं तर संशोधकाला ते २४ तासांत वर कळवावं लागतं. ते वेळेत कळायला पहिली खबर बहुतेक तुमच्याकडूनच जाणार आहे.

शेजारच्या मुलाला कामाला लावा. त्याच्या मोबाईलवर सीटीआरआय, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही, उघडायला सांगा. २००९ पासून औषध चाचण्यांना तिथं नोंद सक्तीची आहे. पैसे कोण देतं, किती बायका घेणार, कुठल्या समितीनं मंजुरी दिली, सगळं तिथं असतं. बाहेरच्या देशाच्या पैशातून काम असेल तर केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, रक्ताचे नमुने बाहेर जाणार असतील तर त्याचीही. गावात "रक्त विकतात" अशी कुजबुज असेलच, तेव्हा नमुने कुठं जातात ते डॉक्टरांकडून स्पष्ट ऐका आणि तसंच लोकांना सांगा. नोंद सापडली नाही, तर मात्र अभ्यासाचं काम त्याच दिवशी थांबवा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा.

एवढं विचारलं की डॉक्टर चिडतील, दुसरी आशा घेतील, अशी धास्ती तुम्हाला वाटणार. चांगला संशोधक चिडत नाही. माझ्या पाहण्यात असे डॉक्टर आहेत, जे एखाद्या बाईनं अवघड प्रश्न विचारला की वही काढून लिहून घेतात. जो चिडेल त्याचं काम तुम्ही सोडलेलंच बरं, त्याबद्दल मागं वळून बघू नका.

आणि पुढच्या मीटिंगला आणखी दोन प्रश्न घेऊन जा. हे औषध लागू पडलं तर ते आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येणार का, की बेळगावच्या मेडिकलमध्ये विकत घ्यायचं? आणि निकाल लागल्यावर तो ज्या बायकांनी गोळ्या गिळल्या त्यांना सांगायला कोण येणार? तारीख आज सांगता येणार नाही, ते समजण्यासारखं आहे. पण गावात येऊन, मराठीत, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावून सांगू, एवढं त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या, आणि त्या कागदाची एक प्रत तुमच्याकडं ठेवा.

तुमची,
बाई